पाण्याआडची आय

विहिरीकडे निघालेल्या बायका पुन्हा थांबल्या.

सगळ्यांत पुढची बाई एक पाय उचलून उभी राहिली होती. तिच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याचा पदर वाऱ्याने उडाला होता, तो उडालेलाच राहिला. मागच्या बाईचं तोंड गाणं म्हणता म्हणता उघडं राहिलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवर, टीव्हीच्या बरोबर मधोमध, एक पांढरं चक्र गरगर फिरत होतं. त्याला घाई नव्हती, आवाज नव्हता. सांजवेळी आभाळात काहीतरी उगवावं आणि खालच्या माणसांनी त्याच्याकडे न बघताच थिजून जावं, तसं ते दिसत होतं.

“थांबल्या का गं?” सोफ्यावरून कॉन्सेप्टाने विचारलं.

“थांबल्या, मम्मी.” तिच्या सुनेने, जॅकलीनने, रिमोट मांडीवर ठेवला.

“कुठे?”

“शेवग्याच्या झाडापाशी.”

“परवा विहिरीपर्यंत तरी पोचल्या होत्या. दर वेळी मागेच चालल्यात ह्या.”

“आजी, इट्स जस्ट बफरिंग,” गालिच्यावर पालथी पडलेली मेलानी म्हणाली.

“तुझं बफरिंग ठेव तुझ्याकडे. रिकाम्या कळश्या घेऊन इतका वेळ उभं राहायचं म्हणजे काय! त्या बँडवाल्यांचं बरंय, ते गेले पुढे.”

खिडकीखाली खालिद लगूनचं पाणी करडं होत चाललं होतं. काठावर चालायला आलेली माणसं अकराव्या मजल्यावरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती, आणि तीही क्षणभर हलत नाहीयेत असं जॅकलीनला वाटलं. मग एक दाणा पुढे सरकला. तिने टीव्ही बंद केला.

कॉन्सेप्टा ऑगस्टमध्ये वसईहून शारजाला आली, ती डोळ्यांसाठी. इथल्या डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला होता. नारिंगी चंद्रासारखा गोल आणि मधोमध एक पुसट डाग. डाव्या डोळ्यातलं मधलं दिसणं गेलंच होतं. उजव्यात सुरुवात झाली होती. इंजेक्शनं देऊन जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवू, डॉक्टर म्हणाले. बाजूबाजूचं दिसत राहील, मधलं जाईल.

“म्हणजे ज्याच्याकडे बघायचं नेमकं तेच दिसणार नाही,” कॉन्सेप्टा म्हणाली होती.

डॉक्टर हसले होते. जॅकलीन शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवत होती. एवढ्या सोप्या भाषेत हे आपल्याला सांगता आलं नसतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आणि कॉन्सेप्टाला जे बघायचं होतं ते एकच होतं. तिला आपल्या आयचा चेहरा बघायचा होता.

आय वारली तेव्हा कॉन्सेप्टाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा एकही फोटो नव्हता. फोटोवाला आला की आय नेमकी चुलीपाशी असायची. लग्नाच्या ग्रुप फोटोतसुद्धा, सगळे अंगणात रांगेने उभे असताना, ती आत रस्सा ढवळत होती. इतक्या वर्षांत कॉन्सेप्टाच्या मनातला चेहरा झिजत गेला होता. हात आठवत होते, आवाज आठवत होता, केसांतल्या अबोलीचा रंग आठवत होता. पण डोळे मिटले की चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड यायचा.

तरी एक वस्तू होती. मावशीचे यजमान, पास्कू काका, बोटीवर होते. कॉन्सेप्टाच्या लग्नाला ते कुठल्याशा बंदरातून विकत घेतलेला सिनेमाचा छोटा कॅमेरा घेऊन आले होते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या आणि शेजारच्या बायका बँड लावून विहिरीवर जातात, नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. त्याला उमराचं पाणी म्हणतात. काकांनी ते सगळं चित्रित केलं, आवाजाशिवाय. नवरी तर घरात बसलेली असते, त्यामुळे कॉन्सेप्टाने ती मिरवणूक पाहिली नव्हती. नंतर काकांनी अंगणात चादर बांधून एकदा गावाला सिनेमा दाखवला, तेव्हा ती नवऱ्याबरोबर मुंबईत होती. पुढे काकांचं यंत्र बिघडलं आणि फिती बिस्किटाच्या डब्यात गेल्या.

तो डबा मागल्या वर्षी काकांच्या नातवाला माळ्यावर सापडला. ॲरॉनने, म्हणजे कॉन्सेप्टाच्या मुलाने, मुंबईतल्या एका स्टुडिओतून त्या फितींची एकेक चौकट स्कॅन करून घेतली. स्टुडिओवाल्यांनी काहीही न दाबता, न आवळता अख्खी फाइल दिली. ती एवढी अवजड होती की ॲरॉनने त्यासाठी एक काळं खोकं आणलं, आत दोन डिस्क असलेलं, आणि ते दारालगतच्या चपलांच्या कपाटावर, जिथे इंटरनेटची तार येते तिथेच, राउटरच्या शेजारी ठेवून दिलं. खोक्यावर एक निळा दिवा होता. खोक्यातून चित्र राउटरमध्ये, राउटरमधून हवेतून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर, असा तो प्रवास.

“मम्मी, ह्या डब्यात आता तुझी आय आहे,” ॲरॉन तेव्हा म्हणाला होता. “कोणी हात लावायचा नाही. धक्का लागता कामा नये. डिस्क फिरत असते आत.”

कॉन्सेप्टाने खोक्यापुढे उभं राहून छातीवर क्रूस केला होता. ॲरॉन हसला होता आणि दुसऱ्या दिवशी फुजैराला परत गेला होता. तिथल्या बंदरावर, तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलमध्ये तो शिफ्टला असायचा आणि शनिवार-रविवार जमेल तसा घरी यायचा.

त्यानंतर सुरू झालं हे थांबणं.

“राउटर बंद करून चालू केलास?” ॲरॉन फोनवर विचारायचा.

“केला.”

“चॅनेल बदललास? मी सांगितला तो?”

“बदलला, ॲरॉन. टीव्हीचं सॉफ्टवेअर नवं घातलं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पाहिला, तो ही फाइल ओळखतच नाही. तुझी ती छोटी कॉपी लावली.”

“ती तर चालली ना?”

“चालली. शेवटच्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी चार चौकोन आले. मम्मी म्हणाली, माझ्या आयला फरशी बसवलीय का?”

ॲरॉन हसला. “वायर टाकू या का परत?”

“नको.” वायर एकदा टाकली होती. पॅसेजमधून हॉलपर्यंत, भिंतीच्या कडेने. पहिल्याच सकाळी कॉन्सेप्टाचा पाय तीत अडकला आणि ती दाराच्या चौकटीवर आपटली. हाड मोडलं नाही हीच देवाची कृपा. कॉन्सेप्टानेच वायर गुंडाळून जॅकलीनच्या हातात दिली होती. आयला बघायला आयकडेच पाठवणार होतात मला, असं म्हणत.

“लॅपटॉप?”

“तुझा ऑफिसचा, त्यात काही टाकता येत नाही. माझा शाळेचा, तेच.”

“मग मी पुढच्या आठवड्यात आलो की नवा राउटर बघू. इन्शाल्ला.”

“तुझं इन्शाल्ला मला माहीत आहे,” जॅकलीन म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने ॲरॉनला सांगितली नव्हती. एका दुपारी शाळेतून आल्यावर तिने पॅसेजमध्ये, कपाटाच्या कडेला टेकून उभं राहून, तीच मोठी फाइल आपल्या फोनवर लावून पाहिली होती. चित्र अडखळलं नाही. बायका शेवग्यापासून पुढे गेल्या, विहिरीशी पोचल्या, कळश्या आत सोडल्या. पाणी वर यायला लागलं. तिथे तिने फोन बंद केला. फोनच्या इवल्या पडद्यावर कॉन्सेप्टाला काहीच दिसलं नसतं. आणि आय जर कोणाला आधी दिसायची असेल तर ती मम्मीलाच दिसली पाहिजे, आपल्याला नाही, असं जॅकलीनला वाटलं. पण त्यातून एवढं कळलं होतं की खोकं ठीक आहे, फाइल ठीक आहे. जे काही होतं ते मध्ये होतं, कपाट आणि टीव्ही यांच्यामध्ये.

चित्र नेमकं विहिरीच्या वाटेवरच का अडतं, हे तिला कळत होतं. टीव्ही येणारं चित्र थोडं थोडं आधीच साठवतो, माठात पाणी साठवावं तसं. आत येणारी धार बारीक आणि बाहेर घेणं जास्त, की माठ रिकामा होतो आणि सगळं थांबतं. सुरुवातीला काकांनी घराची भिंत चित्रित केली होती, मांडव, बसलेली माणसं. भिंतीला फार माहिती लागत नाही. क्षणापूर्वी होती तशीच ती आताही असते. पण शेवग्याची पानं, चालणाऱ्या लुगड्यांच्या चौकडी, आणि सगळ्यांत म्हणजे पाण्यावरची चमक, ही क्षणोक्षणी नवी असते. तिच्यातलं काहीच मागच्या क्षणाकडून उसनं घेता येत नाही. चित्रात सगळ्यांत जड काय असेल तर ते हलणारं पाणी. ह्या विचाराने तिला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही मध्येच थबकायला व्हायचं.

दर आठवड्याला वासिफ पाणी घेऊन यायचा. पेशावरकडचा उंच, लाजरा माणूस; पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या निळसर बाटल्या ट्रॉलीवरून आणायचा आणि रिकाम्या घेऊन जायचा.

“वासिफ, दो जास्ती रखना,” कॉन्सेप्टा त्याला सांगायची.

“अम्मा जी, पिछले हफ़्ते भी दो ज़्यादा रखी थीं. इतना पानी पीता कौन है?”

“तेरे को क्या करना है? इधर रख. इधर नहीं, इधर. पास-पास.” आणि मग जॅकलीनकडे वळून, “दहा दिरहमला एक बाटली. अडीचशे रुपये! पाण्याचे!”

“मग कशाला जास्त घेता, मम्मी?”

“असू दे. घरात पाणी असावं.”

जॅकलीनने त्यावर वाद घातला नाही. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं त्याला किती वर्षं झाली, टँकरच्या पाठी कसं धावावं लागतं, हे तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. ज्याने तहान पाहिलीय त्याने पाणी साठवलं तर त्याला काय बोलायचं?

बुधवारी सकाळी कॉन्सेप्टा स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभी होती. फ्रीजवर डॉक्टरांनी दिलेला चौकड्यांचा कागद लावला होता. रोज उठलं की एक डोळा झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं.

“आज कशा आहेत रेघा?” जॅकलीनने डबा भरता भरता विचारलं.

कॉन्सेप्टाने तोंड कागदाच्या आणखी जवळ नेलं. जरा वेळाने म्हणाली, “ठिपका कुठे गेला गं?”

जॅकलीनने डबा खाली ठेवला. ठिपका जागेवर होता.

“काल होता,” कॉन्सेप्टा म्हणाली. मग तिने मान किंचित खिडकीकडे वळवली आणि कागदाकडे तिरक्या नजरेने बघितलं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. “हां. आहे. बाजूने बघितलं की येतो. सरळ गेलं की पळतो. वासरासारखा.”

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी सोमवारी बोलावलं. इंजेक्शन आणखी एक देऊ, पण बाजूचं दिसणंही आता किती दिवस इतकं स्पष्ट राहील ते सांगता येत नाही, असं म्हणाले. कॉन्सेप्टाने हे ऐकलं, कोथिंबीर निवडायला घेतली, आणि पुष्कळ वेळाने, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली, “त्या बायकांना सांग, जरा पाय उचला म्हणावं.”

त्या रात्री जॅकलीनला स्वप्न पडलं. लगूनवरून लाल लुगड्यांच्या बायका चालत येत होत्या, पाण्यावरून, डोक्यावर कळश्या घेऊन. टॉवरच्या काचांत त्यांचं लाल प्रतिबिंब पडत होतं. त्या येत होत्या, येत होत्या, पण जवळ येत नव्हत्या.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी. ॲरॉनचा निरोप होता, शिफ्ट बदलली, ह्या आठवड्यात येता येणार नाही. जॅकलीनने दार उघडलं, चपला काढल्या आणि ती तिथेच उभी राहिली.

हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, अख्खा हॉल ओलांडून पॅसेजपर्यंत. चपलांच्या कपाटापुढे पाण्याच्या बाटल्या दोन थरांत उभ्या होत्या, एकीला एक चिकटून, आणि त्या सगळ्या आतून पेटल्यासारख्या दिसत होत्या. छतावर, भिंतीवर, तिच्या हातांवर पाण्याचा उजेड डोलत होता. घर समुद्राच्या तळाशी आहे असं वाटत होतं. बाटल्यांवरून कोणीतरी विणलेला पांढरा रुमाल पसरला होता.

ती खाली बसली. बाटलीतून पलीकडे बघितलं. काळ्या खोक्यावरचा तो छोटा निळा दिवा पाण्यातून केवढातरी मोठा दिसत होता, फुगलेला, कडेने फाटलेला. तिने डोकं हलवलं तर तो दोन झाला. आणखी हलवलं तर नाहीसा झाला.

उजेड पाण्यातून असा वाकून, फाटून येतो. पण येतो तरी. मग जो उजेड डोळ्यांना दिसत नाही, राउटरमधून निघणारा, त्याचं पाणी काय करत असेल?

ह्या प्रश्नाचं उत्तर तिने प्रत्येक वर्षी नववीच्या वर्गात दिलं होतं. मायक्रोवेव्हमध्ये कोरडी बशी तशी गार राहते आणि चहा गरम होतो, का बरं? कारण पाणी त्या लहरी पिऊन टाकतं. पोरं हसायची, मॅम, वॉटर ड्रिंक्स? आणि वायफायच्या लहरी काही वेगळ्या नव्हेत, त्याच घराण्यातल्या. फक्त मंद.

दर आठवड्याला दोन बाटल्या जास्त. दर आठवड्याला बायका दहा पावलं मागे.

“मम्मी,” तिने हाक मारली. “ह्या सगळ्या बाटल्या इथेच लावायला कोणी सांगितलं?”

कॉन्सेप्टा भिंतीला हात लावत पॅसेजमध्ये आली. “मी. आणखी कोण सांगणार वासिफला?”

“एवढ्या? नेमक्या इथेच?”

“मग! तुझा नवराच म्हणाला ना, धक्का लागता कामा नये? ही मेलानी स्कूटर घेऊन भर्रकन जाते इथून. वासिफची ट्रॉली येते. उद्या कोणी आदळलं म्हणजे? मी म्हटलं, भिंतच घालू. पाण्याची भिंत. जड असते, सहजी सरकत नाही.” ती खाली वाकली आणि रुमालाची सुरकुती काढली. “आणि आयला पाणी आवडायचं.”

जॅकलीन काही वेळ तशीच जमिनीवर बसून राहिली. छतावरचा उजेड हलत होता. हे कसं सांगायचं? गोलमोल काहीतरी सांगता आलं असतं. बाटल्या वजनदार आहेत, फरशी खराब होते, काहीही. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि कॉन्सेप्टाला खोटं ऐकायची.

“मम्मी, खोक्यातून चित्र हवेतून येतं ना, ते पाणी पिऊन टाकतं.”

“पाणी पितं?”

“हो. थोडं असतं तर चाललं असतं. पण ही भिंत झाली.”

कॉन्सेप्टाने बाटलीवर हात ठेवला. तळहात निळा दिसायला लागला. “म्हणजे मीच अडवून धरलं होय तिला?”

“हो,” जॅकलीन म्हणाली.

खालच्या रस्त्यावर एक हॉर्न वाजला आणि विरला. मग कॉन्सेप्टाच्या खांद्यांना हिसका बसला आणि जॅकलीनला वाटलं की ती रडतेय. पण ती हसत होती.

“राखण केली गं मी तिची,” ती म्हणाली. “अशी राखण केली की बाहेरच येऊ दिली नाही. ऊठ. उचल.”

बाटली म्हणजे जवळजवळ एकोणीस किलो. जॅकलीनने पहिली उचलून स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत नेली तेव्हाच तिच्या कंबरेने तक्रार केली. दुसरी नेत होती तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली शहनाझ मेलानीला शाळेच्या बसवरून घेऊन आली. हैदराबादची शहनाझ तोंडाने आणि हाताने सारखीच चपळ होती.

“अरे जॅकी, ये क्या, घर शिफ़्ट कर रहे?” तिने दारातूनच पर्स टाकली. “नक्को, अकेले मत उठाओ, कमर जाती. क्या आंटी, इतना पानी! शादी है क्या घर में?”

“आहे ना,” कॉन्सेप्टा म्हणाली. “मेरीच है. कल. आज पानी लाने का रहता.”

“हाय अल्ला! और दूल्हा?”

“वो तो कबका गया ऊपर. तू पानी उठा.”

शहनाझ हसता हसता भिंतीला टेकली, मग बाह्या वर करून तिने बाटली कवेत घेतली. मेलानीला काहीतरी करायचं होतं. तिला जॅकलीनने हॉलमध्ये टीव्ही लावायला पाठवलं. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, “मम्मा, दे आर स्टक अगेन. सेम ट्री.”

“असू दे. बंद करू नकोस. बघत राहा.”

वरचा थर संपला. बाल्कनीत बाटल्यांची नवी रांग लागली. खालच्या थरातली एक गेली, दुसरी गेली. जॅकलीनच्या मनगटांवर घाम ओघळला होता, शहनाझची ओढणी भिजली होती. स्वयंपाकघर, पॅसेज, पुन्हा स्वयंपाकघर. ह्या फेऱ्यांत कधीतरी शहनाझ काहीबाही गुणगुणायला लागली आणि कॉन्सेप्टाही, दुसरंच काहीतरी, हलक्या आवाजात. दोन्ही गाण्यांचा ताल जुळत नव्हता, तरी पावलं जुळत होती.

“मला पण द्या एक,” कॉन्सेप्टा म्हणाली.

“मम्मी, तुम्ही नको.”

“बाटली नको गं. एवढी मी वेडी नाही.” तिने स्वयंपाकघरातून पितळी तांब्या आणायला लावला, कूलरच्या नळाखाली भरून घेतला, काठोकाठ, आणि कंबरेवर टेकवला. एक हात भिंतीला लावून ती हळूहळू निघाली. बघणाऱ्याला वाटलं असतं की ह्या बाईला कुठे पोचायची घाई नाही, पाणी तेवढं हिंदकळू द्यायचं नाहीये.

जॅकलीनने शेवटची बाटली हलवली.

हॉलमध्ये क्षणभर काहीच झालं नाही. मग मेलानीची किंकाळी आली, आणि ती इंग्रजीत नव्हती. “आजी! चालल्या! आजी, चालल्या!”

सगळ्या हॉलमध्ये धावल्या, कॉन्सेप्टा सोडून. ती आपल्या चालीने आली, तांब्या तिपाईवर ठेवला, आणि सोफ्यावर टीव्हीच्या अगदी जवळच्या कोपऱ्यात बसली. “पहिल्यापासून लाव,” ती म्हणाली.

जॅकलीनने पहिल्यापासून लावलं. पडदे ओढले. मांडव आला, भिंत आली, बाकावर बसलेली म्हातारी माणसं. बँड निघाला, गाल फुगवलेले चार वादक, आवाज नाही. लाल चौकड्यांची रांग वळणावरून बाहेर पडली. शेवगा जवळ आला. शेवग्याची पानं हलली, हलत राहिली, आणि बायका त्याच्या सावलीतून चालत पलीकडे उन्हात गेल्या, जसं काही तिथे कधी थांबणं नव्हतंच.

विहीर आली. कळश्या खाली गेल्या, वर आल्या. पाणी सांडलं; त्याचा प्रत्येक थेंब उन्हात वेगळा चमकला. चित्र अडखळलं नाही.

“आय शेवटी असेल,” कॉन्सेप्टा म्हणाली. तिने मान खिडकीकडे वळवली होती. सरळ न बघता ती बघत होती. “सगळ्यांचं भरून झाल्यावर मग ती भरायची. मला सांग, शेवटून दुसरी कोण आहे?”

“जाड आहेत एक. हसतायत.”

“सिसिलिया मावशी. मग मी सिसिलियाकडे बघते. म्हणजे आय बाजूला येईल.”

रांग परतायला लागली होती. एकेक बाई कॅमेऱ्याजवळ येत होती, हसत होती, लाजून तोंड फिरवत होती, चौकटीबाहेर जात होती. सिसिलिया मावशी आली, मोठी, घामेजलेली. आणि तिच्या मागून, तिच्या खांद्याआडून, एक बारीक चणीची बाई, कंबरेवर भरलेली कळशी, केसांत अबोली.

ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती कळशीतल्या पाण्याकडे बघत होती, ते सांडू नये म्हणून. काकांनी तिला काहीतरी म्हटलं असावं. तिने मान वर केली.

“थांबव,” कॉन्सेप्टा म्हणाली.

जॅकलीनने बटण दाबलं. चित्र थांबलं. ह्या वेळी त्याच्यावर चक्र नव्हतं.

चेहरा साधा होता. रुंद कपाळ, एका बाजूला किंचित झुकलेलं हसू, हनुवटी थेट कॉन्सेप्टाची. फोटो काढणाऱ्याला चुलीपाशी जाऊन चुकवणारी ती बाई इथे पकडली गेली होती, कारण हातात पाणी होतं आणि पळता येत नव्हतं. शहनाझ ओढणीचं टोक तोंडाला लावून उभी होती. मेलानी आजीकडे बघत होती, पडद्याकडे एकदा, परत आजीकडे.

कॉन्सेप्टाने सिसिलिया मावशीवर नजर ठेवली होती आणि तिचे ओठ हलत होते. कपाळ, असं ती म्हणत असावी. नाक. हसू. अंधारात घर चाचपडून बघावं तसं, एकेक. जॅकलीनने तिला मध्ये काही विचारलं नाही. बाहेर लगूनचं कारंजं सुरू झालं असणार. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड छतावर थरथरत होता. किती वेळ गेला कोण जाणे. अशा वेळेला मोजमाप लावायचं नसतं, एवढं फिजिक्सच्या बाईलाही कळत होतं.

मग कॉन्सेप्टाने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती जरा वेळ बसली, आणि तिचा चेहरा सैल झाला.

“आहे?” जॅकलीनने हळूच विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “आता आहे.”

डोळे न उघडताच तिने हात हलवला.

“चालू कर गं, बाय. किती वेळ उभी करशील तिला? कंबरेवर भरलेली कळशी आहे.”

जॅकलीनने बटण दाबलं. आयने मान खाली घातली, पाण्याकडे बघितलं आणि ती घराकडे चालू लागली.